नववे गाव

तेहरान, २० शहरीवर १३९१

त्या परम दयाळूच्या नावाने, ज्याने भावाभावांत नाते घातले आणि ते तोडणाऱ्यास जाब विचारण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला.

प्रिय बंधू यदुल्लाह, तुजवर शांती असो.

सात वर्षांनी तुला लिहीत आहे. फोनवर माझा आवाज ऐकताच तू तो खाली ठेवतोस, म्हणून कागदाचा आश्रय घेतला. डोळ्यांवर पडदा आल्यापासून तुला अक्षर दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. तुझी सकीने वाचून दाखवील. तिच्या मुखातून माझे शब्द कसे उमटतील याचे भय वाटते. तरी लिहितो, कारण काम माझे नाही, आपल्या चेश्मेसरचे आहे.

परवा गावचा कारभारी फरामर्झ माझ्या दारी आला. सोबत गॅसवाहिनीच्या कामावरच्या इंजिनीअर शकीबा खानम होत्या. तुझ्या वहिनीने, बतूलने, चहा ठेवला. फरामर्झने खडीसाखर दाताखाली धरली, पण पेला काही उचलला नाही.

"हाजी आगा, नळ नदीपलीकडनं, गुलेजार गावाच्या काठानं, आपल्या पुलापर्यंत आलाय," तो म्हणाला. "पुढं आमच्या काकांची, यदुल्लाह आमूंची, अक्रोडाची बाग. आमू फावडं घेऊन उभे. म्हणतात, आधी मला पुरा, मग तुमचा नळ पुरा."

"मला म्हणाले, पोरी, तुझं-माझं वैर नाही, चहा पी आणि जा," शकीबा खानम हसून म्हणाल्या. "चहा खरंच दिला. अक्रोडही बांधून दिले. नळ तेवढा नको."

मी विचारले, दुसरी वाट नाही का?

"वरचा उतार आहे ना. तिथले दगड सारखे घसरतात. तिथून नळ नेला तर बेचाळीस घरांना एकदम स्वर्गाचंच कनेक्शन द्यावं लागेल, हाजी आगा."

काम याच वर्षीच्या मंजुरीतले आहे. आझर महिना सरण्याच्या आत, बर्फ पडण्यापूर्वी, चर खणला गेला नाही तर पथक दुसऱ्या खोऱ्यात जाईल आणि चेश्मेसरची पाळी पुन्हा केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. निवृत्त झालो असलो तरी मंत्रालयात तेवीस वर्षे गावांच्या याद्या मीच केल्या, आणि मी तुझा थोरला भाऊ. म्हणून ते माझ्याकडे आले. उठता उठता फरामर्झने मान खाली घालून तुझा निरोपही सांगितला: "त्या मंत्रालयाच्या मोठ्या साहेबाला म्हणावं, तुझा गॅस यायच्या आधी तुझा धूर माझ्या घरी येऊन गेला."

यदुल्लाह, तुझ्या तूबाचे नाव टाळून हे पत्र पुरे होणार नाही. तिच्या दफनाच्या वेळी तू सर्वांदेखत म्हणालास, "भाऊ मंत्रालयात बसून याद्या करतो आणि पुतणी कोळशाच्या विषानं मरते." रस्ता बर्फाने बंद होता, रॉकेल संपले होते, कोर्सीच्या ठेंगण्या मेजावरल्या रजईखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून ती निजली आणि सकाळी उठली नाही. घरात गॅस असता तर ती शेगडी पेटलीच नसती. हे मी तेव्हाही नाकारले नाही. पण तेव्हा जे म्हणालो तेच आज म्हणतो. कोणत्या गावास आधी गॅस मिळावा हे घरांच्या संख्येवरून आणि मुख्य वाहिनीपासूनच्या अंतरावरून ठरते. आपल्या गावापुढे "जमीन खडकाळ, पुन्हा पाहणी व्हावी" असा शेरा होता. नियमापुढे भाऊ नसतो.

शेजाऱ्याच्या हक्काविषयी ईशप्रेषितांना इतका वारंवार उपदेश झाला, की शेजाऱ्यास वारसाही मिळेल की काय असे त्यांना वाटू लागले. तुझ्या बागेपलीकडे बेचाळीस उंबरे आहेत. माझ्यावरचा राग त्यांच्या चुलीवर काढू नकोस.

तुझा थोरला भाऊ,
हाजी नुसरतुल्लाह,
निवृत्त उपसंचालक


तेहरान, १८ मेहर १३९१

त्याच्या नावाने, ज्याला जिभेवर येण्यापूर्वीचा शब्दही ऐकू येतो.

प्रिय बंधू,

तुझा निरोप फरामर्झने फोनवर कळवला. एकही शब्द न गाळता सांग, अशी मी त्याला शपथ घातली होती. बिचारा चाचरत होता.

"आमूंनी पत्र ऐकलं, हाजी आगा. म्हणाले... म्हणाले, फार सुंदर आहे, मशिदीच्या दारावर लावा."

"आणखी काय म्हणाले?"

"म्हणाले, एक विचार त्याला. नदीच्या या काठाला खडक आणि त्या काठाला काय लोणी आहे? गुलेजारची घरं आपल्याहून कमी, मुख्य नळापासून ते आपल्याहून लांब. त्यांना सात वर्षं आधी गॅस मिळाला कसा?"

तुझा प्रश्न रास्त आहे. मी उत्तर देतो: गुलेजार त्या वर्षीच्या यादीत मुळात तेरावे होते. बारा गावे घ्यायची होती. वरच्या एका गावापुढे शेरा पडला म्हणून तेरावे आत आले. शेरा कागदावर होता, हे सत्य आहे.

हे वाक्य मी लिहिले, आणि माझ्या सवयीप्रमाणे पत्र बतूलला वाचून दाखवले. ती सबजी निवडत होती. हातातली कोथिंबीर तिने परातीत टाकली.

"शेरा कागदावर होता, हे सत्य आहे," तिने माझ्याच सुरात म्हणून दाखवले. "कोथिंबीरही परातीत आहे, हेही सत्य आहे. पण हाजी, ती कुणी टाकली?"

मी म्हणालो, कार्यालयीन गोष्टी तुला कळत नाहीत.

"नाहीच कळत. पन्नास वर्षांत तुमचं मौन तेवढं कळायला लागलंय."

मी तिच्यावर रागावलो. मग तिला दिलेल्या त्या उत्तराची लाज वाटली, आणि ती लाज येथे नोंदवून ठेवतो. पण पत्र बदलत नाही. गावासाठी वाट दे, एवढीच विनंती. अक्रोड झोडून झाले असतील. सालींनी काळे झालेले तुझे हात डोळ्यांपुढे येतात.

नुसरतुल्लाह


तेहरान, ४ आबान १३९१

त्याच्या नावाने, ज्याच्यापुढे कोणताही शेरा खोडता येत नाही.

सकीने, हे पान आधी तू एकटीने वाच. तू तूबाची आई आहेस, आणि यात जे आहे ते दुसऱ्यास ऐकवताना तुला पहिल्यांदा कळावे, हा माझ्याकडून आणखी एक अपराध होईल. वाचून फाडून टाकावेसे वाटले तर फाड. यदुल्लाहला सांगावेसे वाटले तर सांग.

चार दिवसांपूर्वी शकीबा खानम पुन्हा आल्या होत्या. तुमच्या बागेपलीकडे चर कोठून न्यावा हे पाहण्यासाठी त्यांनी गावाभोवती सहा खड्डे खणून पाहिले, आणि मंत्रालयातून जुन्या नस्तीची नक्कल मागवली. ती नक्कल त्यांनी माझ्यापुढे पसरली.

"हाजी आगा, हे बघा. चेश्मेसर, नववा क्रमांक. पुढं शेरा, खडकाळ. अहो, सहा खड्डे खणले मी, सगळीकडे भुसभुशीत माती! कुदळ लोण्यात जाते तशी जातेय. कुणा गाढवानं जागेवर न जाताच हे ठोकून दिलं? तुम्हाला आठवत असेल ना कोण होतं तेव्हा?"

मी म्हणालो, आठवते. मग त्यांना आणखी एक पेला चहा दिला आणि उन्हाळ्यातल्या पाण्याविषयी बोललो. त्या गेल्यावर नमाजासाठी जानमाज अंथरली आणि तशीच गुंडाळून ठेवली.

तो गाढव मी आहे.

१३८३ साली यादी माझ्या मेजावर आली तेव्हा चेश्मेसर नियमाने नववे होते. कोणी मेहेरबानी केली नव्हती. घरे मोजली होती, अंतर मोजले होते. शेजारच्या मेजावरचा सहकारी वाकून म्हणाला, "वा हाजी आगा, मुबारक! आता गावची भाकरी गॅसवर!" तो थट्टेत म्हणाला. माझ्या कानांत मात्र ते दिवसभर घुमत राहिले. उद्या हेच शब्द मजल्यावर फिरतील, असे वाटले. हाजीने आपल्या भावाच्या दारात नळ नेला. हाजीही शेवटी इतरांसारखाच. इतकी वर्षे माझ्याकडे कोणी बोट दाखवले नव्हते, आणि त्या निष्कलंकपणाची मला चटक लागली होती.

मी आपल्या गावापुढे स्वहस्ताने लिहिले: जमीन खडकाळ. ज्या जमिनीत लहानपणी मी आणि यदुल्लाहने हातांनी पाट खणले, तिला मी खडकाळ म्हटले. तेरावे गाव बारांत घेतले. आणि सकीने, त्या दिवशी घरी येऊन मी आभाराच्या दोन रकात नमाज अधिक पढलो, की देवाने मला स्वजनांच्या मोहातून सोडवले.

नियमाप्रमाणे गेले असते तर १३८४ च्या आबानमध्ये चेश्मेसरमध्ये गॅस पेटला असता. तूबा त्याच वर्षीच्या बहमनमध्ये, त्यानंतर तीन महिन्यांनी, गेली.

सत्याची साक्ष द्या, मग ती तुमच्या स्वतःविरुद्ध, तुमच्या मातापित्यांविरुद्ध वा आप्तांविरुद्ध असली तरी: ही आज्ञा मला बालपणापासून मुखोद्गत आहे. मी तिच्यातले "आप्तांविरुद्ध" तेवढे पाळले, आणि साक्षही सत्याची दिली नाही. मापात खोट करणाऱ्यांचा धिक्कार असो, हेही मी मशिदीत इतरांना समजावून सांगत आलो. मला वाटे, खोट म्हणजे आपल्या पारड्यात जास्त ओढणे. दुसऱ्याचे माप कमी भरणे, मग तो दुसरा स्वतःचा भाऊ का असेना, हीही खोटच आहे, हे मला कोणी सांगितले नाही. सांगायला हवे होते असेही नाही. पुस्तकात होते.

यदुल्लाह, सकीने तुला हे वाचून दाखवत असेल तर ऐक. तू मला सात वर्षे एका गोष्टीसाठी दोष दिलास, की मी तुझ्यासाठी काही केले नाही. मी तुझा तो गैरसमज तसाच राहू दिला, कारण खरी गोष्ट त्याहून वाईट होती. रोज पहाटे मी देवापुढे रडतो. तुझ्यापुढे कधी रडलो नाही.

हे पत्र लिहिण्यापूर्वी तीन दिवस थांबलो. मनाने सांगितले, आधी नळ जाऊ दे, मग सांग. आता सांगशील तर तो बाग कायमची बंद करील आणि बेचाळीस घरे तुझ्या कबुलीपायी गारठतील. युक्तिवाद शहाणपणाचा होता. मीही त्या दिवशी मेजावर बसून असाच शहाणपणाचा युक्तिवाद केला होता, म्हणून या वेळी त्याचे ऐकले नाही.

मी तुझ्याकडे वाट मागत नाही. मागण्याचा अधिकार मी गमावला आहे.

नुसरतुल्लाह


चेश्मेसर, २१ आबान १३९१

नुसरत,

खान दादाश, थोरला भाऊ, म्हणायचं होतं, जिभेवर येईना. सकीने लिहितेय, मी सांगतोय तसं.

तुझं पत्र आलं ते तिनं आधी एकटीनं वाचलं. मग चुलीपुढं बसून राहिली. मी विचारलं, काय लिहिलंय साहेबानं? म्हणे, जेवा आधी. आबगुश्ताचा रस्सा समोर ठेवला, भाकर कुस्करून दिली, मी जेवलो. मग वाचलं. शेवटपर्यंत वाचलं, आवाज नाही हलला तिचा. मग माझं ताट उचललं.

सात वर्षं मला वाटायचं, भावानं काही केलं नाही. काही न करणाऱ्यावर माणूस किती रागावणार? खरं सांगू, मी थकलो होतो. फावडं घेऊन उभा राहायचो, पण गुडघे दुखायचे. मनात म्हणायचो, अजून एकदा कुणी विचारलं तर हो म्हणून टाकू. आणि आता तू सांगतोस, केलं होतं. स्वतःच्या हातानं केलं होतं.

दोन दिवस मी बागेत गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी फरामर्झची सून तिची तान्ही पोर घेऊन अक्रोड मागायला आली. पोरीच्या नाकाचा शेंडा हाताला बर्फासारखा लागला. मी विचारलं, घरात काय पेटवता गं? म्हणाली, कोळसेच आमू, दुसरं काय. मी त्याच पावली कुऱ्हाड काढली.

सात झाडं गेली. मीच पाडली, त्यांच्या माणसांना हात लावू दिला नाही. ती इंजिनीअर पोरगी म्हणे, आमू, मशीन आहे आपल्याकडं. मी म्हटलं, झाडं माझ्या बापानं लावली, मशीननं नाही. चर आता मशिदीपर्यंत गेलाय. तेव्हा नळाचं मनातून काढून टाक. ते तुझ्यासाठी नाही आणि तुझ्यामुळं नाही.

आता तुझं-माझं.

रोज पहाटे देवापुढं रडतोस म्हणून लिहिलंस. देवाला सगळं आधीच ठाऊक आहे, त्याला तू नवीन काय सांगितलंस? मला सांगितलंस, ठीक. मी एक अर्धा आंधळा शेतकरी, मी कुणाला सांगणार? तू ते केलंस मजल्यावरच्या लोकांनी तुला भला म्हणावं म्हणून. मग त्यांना सांग. ज्या कागदावर खोटं लिहिलंस त्याच कागदाला खरं जोड. तिथं तुझी मान खाली जाऊ दे. मग मला पत्र लिही. नाहीतर नको लिहूस, टपालवाल्याला उगाच चढण चढावी लागते.

यदुल्लाह

(भाऊजी, हे मी सकीने माझं म्हणून लिहितेय. मला तुम्हाला काही बोलायचं नाही. फक्त तिथं लिहाल तेव्हा तिचं नाव लिहा. "एक मुलगी" असं लिहू नका.)


तेहरान, ९ आझर १३९१

त्याच्या नावाने, ज्याच्या तराजूत राईएवढेही हरवत नाही.

यदुल्लाह, सकीने,

काल मंत्रालयात गेलो. दारावरच्या पहारेकऱ्याने ओळखून छातीवर हात ठेवला. "हाजी आगा, आम्हाला विसरलात!" पूर्वी हा आदर मला उबदार वाटे. काल तो अंगावर घ्यावासा वाटेना.

माझ्या जागेवर आता हशमती आहे, जो माझ्या हाताखाली शिकला. त्याने उठून मला स्वतःची खुर्ची दिली, चहा मागवला. मी नस्तीचा क्रमांक सांगितला आणि येण्याचे कारण सांगितले. तो हसू लागला.

"चेश्मेसरची गोष्ट? हाजी आगा, ती तर आम्हाला पाठ आहे! दर वर्षी नवी मुलं आली की मी पहिल्या दिवशी हीच सांगतो. स्वतःचं गाव नववं आलं होतं, हाजी नुसरतनं गुपचूप मागं ठेवलं. तुम्हाला वाटलं, कुणाला कळलं नाही? सगळ्या मजल्याला माहीत होतं."

यदुल्लाह, मला बसलेला सर्वांत मोठा धक्का हा होता. मी समजत होतो की ते पाप लपलेले आहे. ते उघड्यावर होते आणि तेथे त्याला पुण्य म्हणत होते. म्हणजे मी ज्याच्यासाठी ते केले ते मला पुरेपूर मिळाले होते. इतकी वर्षे मिळत होते.

मी म्हणालो, "तू मुलांना हे सांगतोस की माती असताना मी खडक लिहिला?"

"असं कुठं म्हणतोय मी? तांत्रिक शेरा. हाजी आगा, कशाला उकरता? नस्ती बंद झाली. तुम्ही निवृत्त. गावालाही गॅस मिळतोय. नाव आहे तुमचं, राहू द्या ना."

"त्या हिवाळ्यात माझी पुतणी गेली, हशमती."

त्याचा हात पेल्यावरच राहिला. हे त्याला ठाऊक नव्हते. ती गोष्ट सांगणाऱ्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. मीच कधी सांगितले नव्हते. त्याने पेला बाजूला सरकवला. मग स्वतः उठून मला आवक-जावक कक्षात घेऊन गेला. बंद नस्तीवर लिहिता येत नाही, पण अर्ज नोंदवून तिला जोडता येतो.

कक्षातल्या कारकुनाने नोंदवही उघडली. "विषय काय लिहू, हाजी आगा?"

"खोट्या शेऱ्याची दुरुस्ती."

त्याने हशमतीकडे पाहिले. हशमतीने होकारार्थी मान हलवली. कारकुनाने मी लिहून आणलेला अर्ज वाचला आणि तो नम्रपणे म्हणाला, "मुलीचं नाव लागत नाही अशा कागदात. 'एक रहिवासी' पुरे होतं."

"लागते," मी म्हणालो. "तिच्या आईने सांगितले आहे."

मग मी हशमतीला म्हणालो, नवी मुले असतील तर बोलाव. ही गोष्ट तू सांगतोस, आज उरलेली मी सांगतो. पाच-सहा जण आले, मजल्यावरचे तीन जुने सहकारीही. मी अर्ज उभ्याने वाचून दाखवला. जुन्यांपैकी एकाने खिडकीकडे तोंड फिरवले. मी थांबलो नाही. मागे उभी असलेली एक तरुणी, चेहऱ्यावरून खेड्यातली, वाचून झाल्यावर म्हणाली:

"हाजी आगा, यंदाच्या यादीत माझं गाव आहे. सहावं. काल मला वाटलं होतं, साहेबांना सांगून खाली घ्यावं... मग मी काय करू?"

"जेथे आहे तेथे ठेव," मी म्हणालो. "आणि लोक बोलले तर बोलू दे."

निघताना पहारेकरी कोणाशी तरी बोलत होता. त्याचे लक्ष नव्हते. मी तसाच बाहेर पडलो.

तू म्हणालास त्याप्रमाणे केले आणि मगच लिहिले. याच्या बदल्यात काही मागत नाही. मी जिवंत असेतो तू मला भाऊ म्हटले नाहीस तरी ते न्याय्य होईल. मंत्रालयात नोंदलेला कागद शब्दशः असा आहे:

"१३८३ च्या यादीतील नवव्या क्रमांकाचे गाव चेश्मेसर. तेथील जमीन मातीची आहे. 'खडकाळ' हा शेरा मी लिहिला, आणि लिहिताना तो खोटा आहे हे मला ठाऊक होते. पाहणी झाली नव्हती. गाव माझे होते आणि लोक काय म्हणतील याचे मला भय होते. या शेऱ्यामुळे गावास गॅस सात वर्षे उशिरा मिळत आहे. १३८४ च्या बहमन महिन्यात यदुल्लाह आणि सकीने यांची कन्या तूबा, वय एकोणीस, कोळशाच्या विषाने मरण पावली. नियमाप्रमाणे त्या दिवशी तिच्या खोलीत गॅस असता. याला अन्य कोणी जबाबदार नाही.

नुसरतुल्लाह, चेश्मेसरचा."